रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करू नका

प्रति,
मराठी नाटकं वाहिन्यांवर आणि ओटीटीवर आणणारे निर्माते, दिग्दर्शक, संकलक आणि कार्यक्रमप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत आमच्या न्यू जर्सीतल्या घरी १४ माणसं जमली होती. फराळ झाला, लहान मुलं वरच्या खोलीत पळाली आणि आम्ही मोठ्या टीव्हीवर एक मराठी विनोदी नाटक लावलं. ते नाटक मी काही वर्षांपूर्वी पुण्यात बाल्कनीत बसून पाहिलं होतं. त्या रात्री दुसऱ्या अंकात असा हशा उसळला होता की नायकाला पुढचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. टीव्हीवर होतं ते तेच नाटक, तीच नटमंडळी, तेच नेपथ्य. फक्त चित्रीकरण रिकाम्या नाट्यगृहात झालेलं.

पाच मिनिटांत कळलं की काहीतरी बिघडलंय. नट वाक्य टाकायचा आणि क्षणभर थांबायचा. शेकडो प्रयोगांत अंगात मुरलेली सवय ती. समोरून काहीच यायचं नाही, आणि तो तसाच पुढे जायचा. दुसऱ्या अंकात ते थांबणंही संकलकाने कापून टाकलं होतं, त्यामुळे वाक्यावर वाक्य आदळत होतं. आमच्यातलं कुणी हसायला लागलं की पुढची दोन वाक्यं बुडत. मग हळूहळू सगळे गप्प झाले, एकेकाने फोन काढले. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. गिरगावात वाढल्या, लहानपणी वडिलांबरोबर पिटात बसून नाटकं बघितलेल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "ही माणसं कुणाशी बोलतायत गं?"

त्या प्रश्नावरून हे पत्र लिहिते आहे. तुमच्यावर राग म्हणून नाही. समुद्रापार राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मराठी नाटक घरबसल्या दिसतं, ते तुमच्यामुळे. एखादं नाटक इकडे दौऱ्यावर येतं तेव्हा आम्ही तीन तीन तास गाडी चालवून जातो; बाकीचं वर्ष तुमच्यावरच भागवतो. म्हणूनच सांगावंसं वाटतं की नाटक पडद्यावर आणताना तुम्ही प्रेक्षकाला दाराबाहेर ठेवता, आणि तिथेच नाटक हातचं जातं. मी हे एका अमेरिकन नाटकाच्या आधाराने सांगणार आहे, कारण ते नाटक टीव्हीवर तीनदा आलं, तिन्ही वेळा त्यात तीच एक अभिनेत्री होती, आणि या तिन्हींमधला फरक माझ्या मुलीमुळे मला अगदी जवळून कळला.

नाटकाचं नाव 'वन्स अपॉन अ मॅट्रेस'. हान्स ख्रिश्चन अँडरसनची राजकन्या आणि वाटाण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल: गाद्यांच्या ढिगाखाली एक वाटाणा ठेवायचा, तो टोचला तर ती खरी राजकन्या. १९५८च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या टॅमिमेंट नावाच्या सुट्टीच्या ठिकाणी, तिथल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी, काही तरुण मंडळींनी या गोष्टीवर एक छोटी संगीतिका रचली. संगीत मेरी रॉजर्सचं, गीतं मार्शल बॅररची, संहिता बॅररबरोबर जे थॉम्पसन आणि डीन फुलर यांची. मेरी ही ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीचे, दिग्गज संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांची मुलगी. वडिलांच्या सावलीत उभं राहून स्वतःची चाल शोधणं किती कठीण, हे गाणाऱ्या घरातल्या मुलांना कुणी वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी, ११ मे १९५९ला, ते पूर्ण लांबीचं होऊन न्यूयॉर्कच्या फिनिक्स थिएटरमध्ये आलं. दिग्दर्शक जॉर्ज अ‍ॅबट तेव्हा सत्तरी ओलांडलेले, नायिका कॅरल बर्नेट २६ वर्षांची आणि मेरी रॉजर्स २८ची. नोव्हेंबरात नाटक ब्रॉडवेवर गेलं, एका थिएटरमधून दुसऱ्यात हलत राहिलं, आणि सगळे मिळून ४६० प्रयोग झाले.

गोष्ट थोडक्यात सांगते. राणी अ‍ॅग्रेवेनने फर्मान काढलंय की राजपुत्र डॉंटलेसचं लग्न झाल्याशिवाय राज्यात कुणीही लग्न करायचं नाही. आणि मुलाचं लग्न तर तिला होऊच द्यायचं नाही. येईल त्या राजकन्येची ती परीक्षा घेते आणि नापास करते. बारावी राजकन्या तर आपल्यासमोरच परत जाते. राजा सेक्स्टिमस शापामुळे मुका झालेला. दरबारातली लेडी लार्कन गरोदर, त्यामुळे तिच्या सर हॅरीला लग्नाची घाई. तो दलदलीच्या मुलखातून विनिफ्रेड नावाची राजकन्या शोधून आणतो. ही मुलगी दरवाजा उघडायची वाट बघत नाही. किल्ल्याचा खंदक पोहून, नखशिखांत भिजलेली, दरबारात हजर होते. मग ती गाऊन सांगते की मी फार लाजाळू आहे. आणि 'लाजाळू' हा एकच शब्द ती असा खणखणीत फेकते की दरबार हादरतो.

विनोद एवढाच. पण कागदावर तो अर्धासुद्धा नाही. तो शब्द सुटतो, सभागृह फुटतं, आणि त्या हशावर बर्नेटचा पुढचा सूर चढतो, तेव्हा कुठे तो पूर्ण होतो.

पहिल्यांदा टीव्हीवर ते ३ जून १९६४ला आलं, सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर, कृष्णधवल. मूळ प्रयोगातली माणसंच त्यात होती: बर्नेट, राजपुत्र जो बोव्हा, राणी जेन व्हाइट, मुका राजा जॅक गिलफर्ड. विदूषकाच्या कामात तेव्हा अगदी नवखा असलेला एलियट गूल्ड. वेळेच्या चौकटीत बसवायला कात्री लागलीच. पण त्यांनी एक गोष्ट केली, आणि माझ्या या सगळ्या पत्राचा रोख त्याच गोष्टीवर आहे. स्टुडिओत प्रेक्षक बसवून, त्यांच्यासमोर त्यांनी ते चित्रफितीवर घेतलं. चित्र आज धूसर वाटतं, पडदे रंगवलेले आहेत हे उघड दिसतं, ध्वनी मधूनच सपाट होतो. पण त्यात हशा आहे. वेगवेगळ्या गळ्यांचा, मागेपुढे होणारा, कुठे लगेच तर कुठे सेकंदभर उशिरा पोचणारा खराखुरा हशा. आणि सगळी नटमंडळी त्या हशाशी खेळताना दिसतात.

रंगभूमीवरच्या माणसांना मी हे काय सांगणार? हशा पूर्ण विरेपर्यंत कुणी थांबत नाही. तो चढतो, शिखराला पोचतो, उतरणीला लागतो, आणि उतरणीवर असतानाच पुढचं वाक्य टाकायचं असतं. आधी टाकलं तर वाक्य वाया जातं, उशीर झाला तर प्रयोग बसतो. ही लय कुठल्याही संहितेत लिहिलेली नसते. दर प्रयोगाला ती समोरची माणसं देतात, आणि शनिवारी रात्री मिळते ती रविवारी दुपारी मिळत नाही. संगीत नाटकात तर हे दुप्पट खरं, कारण तिथे वाद्यवृंदही त्या हशासाठी थांबत असतो.

आता माझ्या मुलीकडे वळते. अमेरिकेतल्या शाळांमध्ये वसंत ऋतूत एक संगीतिका करायची प्रथा आहे, आणि हे नाटक शाळांचं फार लाडकं. बरीच पात्रं, मोठा मेळा, मुलींना करायला भरपूर वाव. २००९ साली आमच्या गावच्या शाळेने ते घेतलं. माझ्या १६ वर्षांच्या मुलीला राजा मिळाला. मुका राजा! दोन तासांचं नाटक आणि शेवटापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. घरी आली ती हिरमुसूनच.

पालकांनी मदत करायची म्हणून मी गाद्यांचं काम अंगावर घेतलं. २० गाद्या म्हणजे २० खऱ्या गाद्या नव्हेतच. लाकडी सांगाडा, त्याला मागून शिडी, पुढच्या बाजूला फोमच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला वेगळ्या कापडाचा अभ्रा. शाळेकडे कापडाला पैसे नव्हते. माझ्याकडे आईच्या जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडं होतं. ती गेल्यावर मी ते इकडे आणलं होतं, पण कधी उघडलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत ते उघडलं. जरीचे काठ वर येतील अशा पट्ट्या कापल्या, हिरव्यावर जांभळी, जांभळीवर मोरपंखी, आणि सगळ्यात वर, जिथे विनिफ्रेड झोपणार तिथे, आईनेच टाके घातलेली गोधडी. रंगीत तालमीला दिवे लागले आणि तो साड्यांचा मनोरा उजळला, तेव्हा मला काही क्षण श्वास घेता आला नाही.

त्या रंगीत तालमीत मात्र माझ्या मुलीचं काम पडलं. या नाटकात एक प्रसंग आहे: मुलगा प्रेमात पडलाय, बापाने त्याला नवराबायकोमधल्या गोष्टी समजावून सांगायच्या आहेत, आणि बाप तर मुका. म्हणून तो हातवाऱ्यांनी, चेहऱ्याने, अवघडून, लाजत सगळं सांगतो, आणि मुलगा ते एकेक करून ओळखत गाणं म्हणतो. समोर खुर्च्या रिकाम्या. आम्ही चारपाच पालक तेवढे कोपऱ्यात अभ्र्यांना टाके घालत बसलेलो. मुलीने सगळं अचूक केलं, बाई म्हणाल्या होत्या तस्सं. आणि ते एखाद्या व्यायामवर्गासारखं दिसलं. गाडीत ती रडली. म्हणाली, "आई, यात काही नाहीच आहे."

दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. तोच प्रसंग, तेच हातवारे. तिने पहिली खूण केली आणि तिसऱ्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने हसले. एकटेच. मुलीचा हात हवेत होता. तालमीत तो खाली यायचा, त्या दिवशी आला नाही. तिने तो तसाच ठेवला, मान किंचित वळवली आणि त्या आजोबांच्या दिशेने भुवई उचलली. सभागृह कोसळलं. मग मात्र ती थांबलीच नाही. प्रत्येक खुणेवर किती थांबायचं, कुठे घाई करायची, कुठे बापाने हताश होऊन खाली बसायचं, हे सगळं तिला समोरून कळत होतं. मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी होते. माझ्या पोरीला तिचं काम कुणी शिकवलं असेल तर ते त्या ४०० माणसांनी, चारच मिनिटांत.

नंतर आम्ही दोघींनी टीव्हीवरच्या आवृत्त्या मिळवून पाहिल्या. तिला अर्थातच गिलफर्डचा राजा बघायचा होता. १९५०च्या दशकात, राजकीय संशयाच्या काळात, ज्यांची नावं काळ्या यादीत टाकून टीव्हीची दारं बंद केली गेली, त्यांतले हे एक नट. बोलायला बंदी असलेल्या राजाचं काम त्यांच्या वाट्याला यावं, हा योगायोग मला कायम चटका लावतो. त्यांचा चेहरा लवचीक, ओठ न हलवता पानभर बोलणारा. इथे एक गोष्ट मान्य करते, कारण कॅमेऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तो चेहरा फिनिक्स थिएटरच्या शेवटच्या रांगेला जितका दिसला नसेल तितका कॅमेऱ्याने आम्हाला दाखवला. ही टीव्हीची देणगीच. पण कॅमेरा त्या भुवईच्या जवळ जातो, भुवई उचलली जाते आणि मागून हशाची लाट येते, तेव्हा ते काम पूर्ण होतं. चेहरा कॅमेऱ्याने दिला, भुवई उचलायची वेळ प्रेक्षकांनी दिली.

दुसरी आवृत्ती १२ डिसेंबर १९७२ची, पुन्हा सीबीएसवर, आता रंगीत. बर्नेट, गिलफर्ड आणि जेन व्हाइट कायम. राजपुत्र केन बेरी, लेडी लार्कन बर्नाडेट पीटर्स. तोवर बर्नेटबाईंचा स्वतःचा साप्ताहिक कार्यक्रम चालू होऊन पाच वर्षं झाली होती. १९६७ ते १९७८ असा ११ हंगाम तो चालला. त्याची सुरुवात आठवा: त्या पडद्यापुढे येऊन उभ्या राहायच्या, प्रेक्षागृहातले दिवे वाढवायला सांगायच्या आणि समोर बसलेल्या माणसांचे प्रश्न घ्यायच्या. कोण काय विचारेल ते आधी ठरलेलं नसायचं. एवढी लोकप्रिय बाई, स्वतःचा कार्यक्रम, हवं ते करून घेण्याची ताकद, आणि तिने दर आठवड्याला पहिलं काम काय निवडलं, तर समोरच्या माणसांचे चेहरे बघणं.

तिसरी आवृत्ती १८ डिसेंबर २००५ला एबीसीवर आली. बर्नेटबाई आता ७२ वर्षांच्या, आणि त्यांनी केली राणी अ‍ॅग्रेवेन. जिने त्यांना छळलं, तीच भूमिका ४१ वर्षांनी त्यांच्याकडे! नुसत्या या गोष्टीसाठीसुद्धा ती बघण्यासारखी आहे. विनिफ्रेड ट्रेसी उलमन, राजपुत्र डेनिस ओ'हेअर, राजा टॉमी स्मदर्स, शिवाय झोई डेशनेल आणि मॅथ्यू मॉरिसन. दिग्दर्शिका कॅथलीन मार्शल, म्हणजे ब्रॉडवेवरच घडलेली आणि नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी हा रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवलेली बाई. कुठेही कुणी कमी नाही. रंग झगझगीत, कपडे देखणे, गाद्या तर माझ्या साड्यांच्या गाद्यांपेक्षा कितीतरी भारी. पण हे सिनेमासारखं चित्रित केलेलं, तुकड्यातुकड्यांनी, समोर प्रेक्षक नसताना. उलमन 'लाजाळू' शब्द फेकते आणि तो जाऊन कशावरच आपटत नाही. गाणं संपतं, दृश्य बदलतं. ओ'हेअर इतका गुणी नट, पण त्याच्या वाक्यांमागे जी पोकळी येते ती भरायला तो चेहरा जास्त हलवू लागतो. राजाच्या हातवाऱ्यांचा प्रसंग आला तेव्हा माझी मुलगी उठून बसली. संपल्यावर हळूच म्हणाली, "आई, ही आमची रंगीत तालीम आहे."

दिवाळीत सासूबाईंनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला हेच वाक्य आठवलं.

हा अनुभव अमेरिकन वाहिन्यांनाही पुढे आला असावा. ५ डिसेंबर २०१३ला एनबीसीने 'द साउंड ऑफ म्युझिक' थेट प्रक्षेपित केलं, प्रेक्षकांविना. १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिलं, म्हणजे भूक केवढी होती बघा. पण गाणं संपलं की जी शांतता पसरायची ती ऐकवत नव्हती. ३१ जानेवारी २०१६ला फॉक्सने 'ग्रीस' थेट केलं, तेव्हा मात्र शेकडो प्रेक्षक आत घेतले, बाकांवर बसवले, नाचाच्या दृश्यात थेट आजूबाजूला उभे केले. त्या दिवशी, चित्रीकरण होतं त्या बरबँकला, पाऊस होता, मोकळ्या आवारातलं पहिलं गाणं छत्र्या घेऊन करावं लागलं. तरी त्या रात्रीचा जिवंतपणा विसरता येत नाही. पुढे त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

आता तुम्ही म्हणाल की हे अमेरिकेचं झालं, आपलं काय? आपलं तर याहून जास्त आहे. १८८२ साली ज्यांनी 'सौभद्र' रंगमंचावर आणलं त्या अण्णासाहेब किर्लोस्करांपासून आपल्याकडे गाणारं, हसवणारं नाटक आहे. आपल्याकडे ते गावोगाव फिरत होतं. आणि त्या रंगभूमीची ओळखच मुळी 'वन्स मोअर'. बालगंधर्वांचं पद पुन्हा घ्यायला कोण लावायचं? संहितेत तसं लिहिलेलं नव्हतं, दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. खाली बसलेला माणूस ओरडायचा, आणि प्रयोग त्याच्या हुकमाने लांबायचा. रात्र रात्र चालायचे प्रयोग. प्रेक्षकाला एवढा मान देणारी ही रंगभूमी, आणि तिचं चित्रीकरण करताना सगळ्यात आधी त्यालाच वजा करायचं? मला हे खरोखर समजत नाही.

तुमच्या अडचणी मी ऐकल्या आहेत, आमच्या मंडळात येणाऱ्या कलाकारांकडूनच. प्रेक्षक असला की खोकला येतो, मोबाईल वाजतो, लहान मूल रडतं. कॅमेऱ्यांसाठी मधल्या चांगल्या रांगा सोडाव्या लागतात, तेवढी तिकिटं बुडतात. प्रयोगात चूक झाली तर पुन्हा घेता येत नाही. प्रकाशयोजना डोळ्यांसाठी केलेली असते, कॅमेऱ्याला ती पुरत नाही. यातली एकही अडचण खोटी नाही. पण रिकाम्या नाट्यगृहाचं भाडंही काही कमी नसतं, आणि मूल रडल्याने कुठलं विनोदी नाटक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून माझी विनंती अशी. लागोपाठचे दोन प्रयोग घ्या, खरे, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोरचे. आज चित्रीकरण आहे हे जाहिरातीतच सांगा. लोक नाराज होणार नाहीत, उलट हौसेने येतील. अगदी जवळचे चेहरे हवेच असतील तर ते दुपारी वेगळे घ्या, पण प्रयोगाचा कणा रात्रीचा असू द्या आणि आवाज रात्रीचाच वापरा. नटांच्या कॉलरला माइक लावता तसे दोनचार माइक प्रेक्षकांच्या डोक्यावरही टांगा. ध्वनिमिश्रण करताना हशा गोंगाट समजून दाबून टाकू नका. आणि हशा नसेल तिथे तो नंतर बाहेरून आणून चिकटवू नका. अमेरिकन टीव्हीने १९५०च्या दशकापासून चार्ली डग्लस यांच्या यंत्रातला साठवलेला हशा वर्षानुवर्षं वापरला. तो ऐकून कुठल्याही नटाला आपला पुढचा शब्द कधी टाकायचा हे कधी कळलं नाही, कारण तो नटाचं काम संपल्यावर लावला जायचा.

संकलकांना एक वेगळी विनंती आहे, हात जोडून. नट थांबला की ती मोकळी जागा आहे असं समजू नका. तिथे तो काम करतो आहे. माझ्या मुलीचा हवेत राहिलेला हात कुणी कापला असता तर त्या प्रसंगात उरलं काय असतं?

आणि संगीत नाटक चित्रित करणाऱ्यांना: गायकाने तान घेतली आणि समोरून दाद आली, तर कॅमेरा एकदा तरी त्या दाद देणाऱ्याकडे वळवा. आमच्या इथे जन्मलेल्या मुलांना पदाचे शब्द कळत नाहीत. पण एक म्हातारा माणूस डोळे मिटून मान हलवतो आणि मांडीवर हात मारतो, तेव्हा इथे काहीतरी घडलंय हे त्यांना कळतं. माझ्या भाच्याला संगीत नाटकाची गोडी अशीच लागली, इकडच्या एका प्रयोगात, शेजारच्या खुर्चीतल्या काकांमुळे.

नाटकाच्या शेवटी विनिफ्रेडला झोप का येत नाही, याचा उलगडा होतो. परीक्षेच्या रात्री तिच्या हितचिंतकांनी गादीत शस्त्रं आणि काय काय टोकदार सामान भरून ठेवलेलं असतं. ते सगळं काढतात. राजाला वाचा फुटते, राणीची बंद होते, सगळीकडे आनंदीआनंद. तरी विनिफ्रेड कूस बदलतेच आहे. शेवटी राजपुत्र गाद्यांच्या तळाशी हात घालून तो एवढासा वाटाणा काढतो, आणि ती तत्क्षणी झोपी जाते. म्हणजे ती खरीच राजकन्या होती! त्या रात्री शाळेच्या सभागृहात या जागी जो आवाज उठला तो हशाही नव्हता आणि टाळ्याही नव्हत्या. ४०० माणसांनी एकदम "अरे!" म्हटल्यासारखं काहीतरी होतं ते. मी तो आवाज परत कुठेच ऐकलेला नाही. २००५च्या चकचकीत चित्रात तो असूच शकत नव्हता, कारण तो काढायला तिथे कुणी नव्हतं.

शाळेने गाद्यांचा सांगाडा मोडला तेव्हा अभ्रे मी घरी आणले. ते उसवून, पुन्हा जोडून, त्यांची एक मोठी गोधडी केली आहे. दिवाळीला सासूबाई तीच पायांवर घेऊन बसल्या होत्या.

येत्या डिसेंबरात मी आणि सासूबाई महिनाभर मुंबईत आहोत. तुमच्यापैकी कुणी त्या दिवसांत प्रेक्षकांसमोर नाटक चित्रित करणार असेल, तर जाहिरात जरा आधी द्या. दादरला असो की बोरिवलीला, आम्ही तिकिटं काढून येऊ. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून खालच्या रांगा हव्यात. त्यांचं हसू मोठं आहे, माइकवर नीट येईल.

आपली,
न्यू जर्सीतली एक मराठी प्रेक्षक